मागल्या खोलीवरचे बावीस पत्रे

“पत्रे काढायला म्हणे तीन दिवस. आणि अंगात पांढरे झगे. आमच्या लग्नातसुद्धा नव्हता एवढा थाट.”

सासूबाई हे कुणालाच सांगत नव्हत्या. खिडकीशी बसून त्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या आणि दर घडीत एकेक वाक्य गुंडाळून ठेवत होत्या. थोरली त्यांच्यापासून हातभर अंतरावर कप विसळत होती, म्हणजे वाक्यं तिच्यासाठीच होती. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला एवढं नक्की कळलं होतं, की या बाईला सुनेशी बोलायचं असलं की ती भिंतीशी बोलते.

“ऐकू येतंय मला, आई.”

“तुला कोण म्हणालं? मी टॉवेलांना सांगतेय. ते तरी उलटून बोलत नाहीत.”

आज शनिवार. चार वाजता तिन्ही भावंडं जमायची होती आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता: मागल्या खोलीवरचे पत्रे घरच्यांनी उतरवायचे, की त्या कामाची माणसं बोलवायची.

सासूबाईंच्या गुडघ्यांनी गेल्या वर्षीच जिन्याशी काडीमोड घेतला होता; आजही त्यांना धरूनच खाली उतरवलं होतं. त्यांना वरच्या खोलीतून खाली आणायचं, मागली खोली नीटनेटकी करून द्यायची, इथवर सगळ्यांचं जमलं होतं. पण त्या खोलीवरचे पत्रे होते सिमेंटचे, पन्नास वर्षांचे, कडांना पोपडे आलेले. हात फिरवला की तळव्याला पीठ लागायचं. धाकटा दीर शाळेत विज्ञान शिकवायचा. घरात त्याला सगळे मास्तर म्हणत, आणि तो रागावला की जास्तच म्हणत. त्याने कुणाला न विचारता तपासनीस आणला. तपासनिसाने शिडीवर चढून पाण्याचा फवारा मारला, नखाएवढा तुकडा कापला, पिशवीत बंद केला आणि प्रयोगशाळेत पाठवला. आठवड्याने अहवाल आला. अॅस्बेस्टॉस, ज्याची धूळ फुप्फुसात रुतून बसते ते. अहवाल घरभर फिरला आणि एकाच्याही तोंडून “अगंबाई” निघालं नाही. थोरलीला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला तो यावर. इतकं काही ऐकूनही आश्चर्य वाटत नाही, म्हणजे ते आधीपासून पोटात असतं.

सासरे पत्र्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं होते, कटाई खात्यात. कोपरा उडालेला, पन्हळ वाकडी झालेली, असा नापास माल कामगारांना घरी न्यायला मिळायचा. बाबांनी तो हातगाडीवर घालून आणला, एकट्याने चढवला, एकट्याने बोल्ट आवळले. आपलं छप्पर झाल्यावर शेजाऱ्यांचं. मग समोरच्यांचं. कुणाची न्हाणी, कुणाचा गोठा, कुणाची पडवी. गल्लीतल्या चौदा घरांवर त्यांचे पत्रे होते आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली तरी लोक या घराला पत्रेवाल्यांचं घर म्हणत. घराचा एक मंत्रच होऊन बसला होता: आपल्या घराला परक्याचा हात लागलेला नाही. मुलांना पाढे येण्याआधी हा मंत्र यायचा.

पैशाचा प्रश्न नव्हता. तिघांनी मिळून तो कधीच सोडवला होता. पैशाचा असता तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटे. पैशाच्या भांडणाला शेवट असतो.

चार वाजता नणंद आली. तिचं केस कापायचं दुकान होतं. बोटांची टोकं कायम तपकिरी, आणि जीभ कात्रीच्या धारेची. पाठोपाठ मास्तर, काखेत फाईल. मागे नळावरून नणंद आणि मास्तरचं वाजलं होतं, त्यानंतर दोघं एका खोलीत बसायची ही तिसरीच वेळ. थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, सकाळपासून मागे अडगळ आवरत होता. तो मागल्या दाराने आत आला तेव्हा त्याचं डोकं ओलं होतं. भर दुपारी अंघोळ कशाला केली, हे विचारायचं थोरलीच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात मास्तरने फाईल उघडली.

मास्तरला वर्गात उभं राहायची सवय, त्यामुळे तो बसूनही उभा असल्यासारखा बोलायचा. माणसं आधी खोलीला आतून प्लास्टिक लावतील. पत्रे ओले करतील. एकही पत्रा फोडायचा नाही, बोल्ट कापून अख्खाच्या अख्खा उतरवायचा, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधायचा, चिकटपट्टी, वर खूण. तीन दिवस घर रिकामं. शेवटी हवा तपासायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. तो वाचत होता आणि थोरला त्याच्याकडे, आपल्या पगारावर जगणाऱ्या माणसाने आपल्यालाच सल्ला द्यावा, तशा नजरेने बघत होता.

“झालं?” थोरला म्हणाला. “एका पत्र्याला चार बोल्ट असतात. बाबांनी चढवले, मी उतरवीन. मास्क आणलाय, झगा आणलाय, फवारा आणलाय. दुकानदार म्हणाला, घरमालक स्वतःचे काढत असेल तर कुणी विचारत नाही.”

“दुकानदाराचं लग्न लागलंय का तुझ्या फुप्फुसांशी?” मास्तर म्हणाला.

“दादा, एक सांगू?” नणंद म्हणाली. ती नेहमी थोरल्याच्या बाजूने असायची, आणि आजही त्याच्या शेजारीच बसली होती. पण विनोद सुचला की ती बाजू विसरायची. “तू लिफ्टी दुरुस्त करतोस. परवा कुणा म्हाताऱ्याने पेचकस घालून दार उघडलं म्हणून तू त्याला जिन्यात उभं करून झापलंस. लिफ्टला हात लावायचा नाही, मेकॅनिकला बोलवायचं. तुझेच शब्द.”

“लिफ्ट वेगळी. लिफ्ट पडली तर माणूस मरतो.”

हे बोलून झाल्यावर खोलीत जे झालं ते थोरलीने नीट पाहिलं. नणंदेने कपात पाहिलं. मास्तरने फाईलच्या दोऱ्याची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. आणि थोरला खोकला. कोरडा, लहान, दोन ठोक्यांचा. जणू दारावर कुणी हळूच टकटक केली आणि कुणीच उठलं नाही.

हा खोकला तीन वर्षांचा होता. सिगारेटचा म्हणायचा तर त्याने आयुष्यात ओढली नव्हती. धुळीचा, हवा बदलल्याचा, पंख्याचा, अशी त्याला बरीच नावं ठेवून झाली होती. थोरलीने त्याला दोनदा डॉक्टरकडे नेण्यासाठी चप्पल घालायला लावली होती आणि दोन्ही वेळा तो चप्पल घालून कामावर निघून गेला होता.

“माणसं आली म्हणजे,” सासूबाई म्हणाल्या, “दारात काय लावतील?”

मास्तर घुटमळला. मग म्हणाला, दोरी लावतील. आणि पाटी.

“कसली पाटी?”

“धोक्याची. नियम आहे, आई.”

“तांबडी?”

“पिवळी असते बहुतेक.”

“रंगाचं नाही मला काही.” त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. “तीन दिवस ती पाटी माझ्या दारात. गल्लीतून जाणारा येणारा वाचणार. पत्रेवाल्यांच्या घरावर धोका. आणि मग घरी जाऊन वर बघणार, आपल्या छपराकडे.”

“बघायलाच हवं त्यांनी. चौदा घरं आहेत, आई. त्यांना कोण सांगणार?”

“तुझ्या बापाने फुकट दिले ते. पाठीवर वाहून दिले. तू जन्मायच्या आधी. तुझी शाळेची फी कोपऱ्यावरच्या बाईने भरली होती एकदा, ती त्या पत्र्यांखाली बसून. आणि आता तू तिच्या दारात जाऊन सांगणार, की…”

काय सांगणार, ते त्यांनी सांगितलं नाही. वाक्य अर्धवट ठेवून त्या मास्तरकडे अशा बघत राहिल्या, की उरलेलं त्यानेच म्हणून दाखवावं आणि मग तोंडावर मारून घ्यावं. मास्तर लाल झाला होता. थोरलीला त्याची कीव आली आणि तितकाच रागही. एवढं सगळं वाचलंस, अहवाल आणलास, मग म्हण ना पुढचं. पण ती स्वतः तरी कुठे म्हणत होती? सुनेने काय म्हणायचं असतं. सुनेने चहा म्हणायचा असतो.

“दादा करतोय तर करू दे,” नणंद म्हणाली. “ओले करून काढ, फोडू नकोस. आई चार दिवस माझ्याकडे राहील. पाटी नाही, बोभाटा नाही. मास्तर, तू तुझी फाईल घेऊन शाळेत जा.”

तीन विरुद्ध एक. थोरलीचं मत कुणी विचारलं नाही, म्हणजे तेही त्या तिनात धरलं होतं.

ती उठली. नणंदेचा पाय अवघडला होता आणि टेकायला एक स्टूल हवं होतं. स्टूल मागल्या खोलीत होतं. तिने मागल्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली.

फरशीवर ऊन पडलं होतं.

या खोलीत ऊन कधी येत नसे. सव्वीस वर्षांत तिने इथे दिवा लावल्याशिवाय सुई ओवली नव्हती. आता फरशीवर दारापासून भिंतीपर्यंत उन्हाचा एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात राखाडी धूळ अजून तरंगत होती, निवांत, खाली बसायची घाई नसल्यासारखी. वर बघितलं तर दोन पत्र्यांएवढं आभाळ. कोपऱ्यात ताडपत्री, तिच्याखालून पत्र्याच्या तुकड्यांची टोकं बाहेर आलेली. शेजारी झाडू आणि सुपली. खिळ्याला कागदी मास्क, रंगाऱ्यांचा असतो तसला, आतूनही राखाडी. पांढरा झगा होता, पण पाकिटात, घडीही न मोडलेला.

तिने श्वास धरला आणि दार ओढून घेतलं. ती घरी पडदे शिवून द्यायची, आणि पडदे शिवणाऱ्या बाईला एक गोष्ट कळते: फट कुठे राहते ती. तिने अंगावरची ओढणी काढली, बालदीत बुडवली आणि दाराच्या खालच्या फटीत कोंबली. मग ती पुन्हा, गरजेपेक्षा जोरात, आत ढकलली. भीती असेल असं तिला आधी वाटलं. मग कळलं की नाही, हा राग आहे.

“आत गेलीस का?” मागे थोरला उभा होता.

“कधी काढले?”

“सकाळी. तुम्ही दोघी झोपला होतात.”

“झाडूने झाडलंत?”

“फुटला एक. बोल्ट गंजला होता, मी जरा जोर लावला. मग तुकडे काय तसेच ठेवायचे?”

“ओले केले होते?”

फवाऱ्याला पिचकारीसारखा दट्ट्या होता, तो अर्ध्यातच अडकला होता; ते त्याने नंतर सांगितलं. लिफ्टच्या दोरांना हात लावण्याआधी तीनदा तपासणारा माणूस. फवारा अडकला तर थांबावं, एवढं त्याला सुचलं नाही. या घरातल्या पुरुषांना घराबाहेर अक्कल असते.

पायरीवर त्याचा सकाळचा शर्ट पडला होता. तिची नजर तिकडे गेलेली पाहून त्याने तो उचलला, बालदीत टाकायला म्हणून. पण टाकण्याआधी, विचार न करता, त्याने शर्ट खांद्याला धरला आणि दोनदा भिंतीवर झटकला. फट, फट.

थोरलीने शर्ट त्याच्या हातातून ओढून पाण्यात दाबला आणि पाण्याखाली धरून ठेवला, जसं काही तो वर येऊन श्वास घेईल.

या घरात एक लाडकी गोष्ट सांगितली जायची. पाहुणे आले की हमखास. बाबा कारखान्यातून आले की आत येत नसत. मागल्या पायरीवर उभे राहत, सदरा पायजमा काढून थोरल्याच्या हातात देत, आणि सात वर्षांचा थोरला वेताची काठी घेऊन ते कपडे भिंतीवर झोडपत असे. हे थोरल्याचं काम. मानाचं. धाकट्यांना काठी मिळायची नाही. धुळीचा केवढा ढग उठायचा, आणि धाकटी दोघं त्या ढगात नाचायची. नणंद ही गोष्ट फार छान सांगायची, हात पसरून, ढग दाखवून. सगळे हसायचे. नवी नवरी असताना थोरलीही हसली होती.

“अहो, थांबवा हे,” ती म्हणाली. “उद्या त्या माणसांना बोलवू. मी तुमच्या बाजूने कधी बोलले नाही असं झालंय का? आज नाही बोलणार.”

“वीस राहिलेत. दोन दिवसांचं काम आहे. तुम्ही सगळे जा तिकडे, मी एकटा करतो. माझ्याजवळ कुणी यायचं नाही. मास्तर नको, शेजारचा नको. एकटा.”

“एकटेच का?”

“कुणा दुसऱ्याच्या नाकात कशाला घालायचं?”

“मग तुमचं नाक काय भाड्याचं आहे?”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. बालदीतल्या पाण्यावर राखाडी साय धरली होती, तिच्याकडे पाहत म्हणाला, “माझं काय आता.”

एवढंच. आणि मग तो खोकला, भिंतीला हात टेकून, या वेळी दोन ठोके नव्हते. थोरली त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेली, पण हात ओला आणि राखाडी होता, म्हणून तो तसाच हवेत राहिला. त्याला ठाऊक आहे, असं तिच्या मनात आलं. या माणसाला ठाऊक आहे आणि हा हिशेब करून बसलाय, की जो आधीच भिजलाय त्यानेच पाण्यात उतरावं. तिला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी एक ठेवून द्यावीशी.

दारात नणंद उभी होती. स्टूल अजून कसं आलं नाही म्हणून लंगडत आली होती. ओढणी कोंबलेली फट तिने पाहिली, बालदी पाहिली. शब्दही ऐकले असावेत. तिच्या तोंडावर नेहमीची कात्री नव्हती. ती वळली आणि लंगडतच बाहेरच्या खोलीत गेली.

“मास्तर, लाव त्या माणसाला फोन. आत्ता.”

“तू तर मला शाळेत पाठवत होतीस.”

“लाव म्हणते ना.”

मग सगळं बाहेर आलं, आणि ज्या क्रमाने यायला नको त्या क्रमाने. दोन पत्रे उतरलेत, एक फुटलाय, झाडूने झाडलंय. मास्तर उठला तो फाईल जमिनीवर पडली तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याने थोरल्याला बेजबाबदार म्हटलं, अडाणी म्हटलं. आई पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत झोपणार होती, हे म्हटलं. झाडू मारलास म्हणजे काय केलंस कळतं का, खाली बसलेलं पुन्हा उठवलंस. हे सगळं खरं होतं आणि म्हणूनच असह्य होतं.

थोरला शांतपणे ऐकत राहिला असता तर निभावलं असतं. पण मास्तर म्हणाला, “तुला नेहमी वाटतं, घर तू एकट्याने सांभाळलंस.”

“मग कुणी सांभाळलं?” थोरल्याचा आवाज चढला. “अहवाल वाचणं सोपं असतं रे. बाबांना रात्री उठवून बसवायला तू होतास? त्यांना दोन पावलं चालवेना तेव्हा उचलून न्हाणीत कोण नेत होतं? तू पत्रं लिहायचास. तब्येतीला जपा. जपा!”

“मी परगावी नोकरीला होतो.”

“तेच म्हणतोय.”

“दादा, तो विषय वेगळा,” नणंद म्हणाली.

“वेगळा नाही.” हे थोरली म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. ती दारात उभी होती, हात कोपरापर्यंत ओले. “विषय तोच आहे. तुम्ही तिघं आणि आई, चौघं मिळून त्या विषयाच्या कडेकडेने चालताय, आणि मी सव्वीस वर्षं तुमच्या मागून. शेवटचे चौदा महिने बाबांची उशी मी उंच करत होते. आधी दोन उशा, मग तीन, मग बसूनच झोप. वाफारा दिला, औषध हुंगवलं. दम्याचं औषध दम्याला लागू पडतं, वन्सं. त्यांना एक दिवस लागू पडलं नाही.”

“वहिनी, नको.”

“का नको? हे एकटे छपरावर चढणार म्हणतात. कुणी जवळ यायचं नाही म्हणतात. का, ते विचारा. तुमच्यातल्या एकाने तरी विचारा.”

मास्तर खाली पडलेले कागद गोळा करू लागला, एकेक, नंबर लावून. नणंदेने तोंडावर हात ठेवला होता. थोरला दाराशी जाऊन उभा राहिला, जसं काही बाहेर त्याचं काम होतं. थोरलीला वाटलं, आता कप फोडावेत. तिने आयुष्यात कप फोडला नव्हता. शेवटी जे बोलायचं ते तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं, कारण तेव्हाच तिला दिसलं की ते बोललं की खरं होईल, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर उभा होता आणि तो तिचा नवरा होता.

“इकडे ये,” सासूबाई म्हणाल्या.

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही, पण थोरला वळला. या वेळी त्या भिंतीशी बोलत नव्हत्या.

“बस इथे. माझ्यासमोर. आता खोक.”

“काय, आई?”

“खोक म्हणते. माझ्यासमोर. रोज तोंडावर उशी दाबून खोकतोस, वर म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून. जमिनीला कान असतात, बाबा. वरून सगळं ऐकू येतं.”

बावन्न वर्षांचा माणूस आईसमोर बसला, पण खोकला नाही. ओठ घट्ट मिटून बसला, आणि मग छातीनेच त्याचं ऐकलं नाही. थोरली पुढे झाली. सासूबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. खोकला संपेपर्यंत त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, गाण्यातला माणूस सूर ओळखायला ऐकतो तशा.

“नऊ वर्षं मी हा खोकला उशाशी घेऊन झोपलेय,” त्या म्हणाल्या. “मला ओळखू येत नाही होय?”

“आई, राहू दे आता,” मास्तर म्हणाला.

“तू फोन लाव. बोलव तुझ्या माणसांना. दोरी लावू दे, पाटी लावू दे. वाचू दे गल्लीला.” मग त्या पुन्हा थोरल्याकडे वळल्या. आवाजात राग होता, पण तो इथल्या कुणावर नव्हता. “कारखान्याच्या डॉक्टरने आम्हां दोघांना बसवून छातीचा फोटो दाखवला होता. पुढची नऊ वर्षं ते जगले, ती सगळं ठाऊक असूनच. दवाखान्यातून येताना रस्त्यात आमचं ठरलं, घरी दमा म्हणून सांगायचं. कारण चौदा घरांवर पत्रे त्यांनीच घातले होते, आणि कपडे झटकायला तुला मी उभं करत होते. काठी मी दिली तुझ्या हातात.”

“आई…”

“दमा नव्हता तुझ्या बापाला. पत्र्यांनी मारलं त्यांना. आणि तुला तेच झालंय रे.”